तिमोरचं 'विलीनीकरण' झालं नव्हतं

मा. संपादक,
स. न.

पूर्व तिमोर आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा 11वा सदस्य झाला त्यावरचा लेख तुमच्या पेपरात वाचला. एवढ्या छोट्या देशाला अख्खं अर्धं पान दिलंत, बरं वाटलं. पण एका वाक्यापाशी अडलो ते अडलोच. '1976 मध्ये तिमोरचं इंडोनेशियात विलीनीकरण झालं आणि 1999 मध्ये तो वेगळा झाला.'

विलीनीकरण? आपल्याकडे हा शब्द संस्थानांच्या संदर्भात येतो, गोव्याच्या 1967 च्या जनमत कौलात येतो, आणि तिथे तर लोकांनी मत देऊन महाराष्ट्रात विलीन व्हायला चक्क नाही म्हटलं आणि ते मानलं गेलं. तिमोरच्या लोकांना 1976 मध्ये कोणी विचारलं होतं? तोवर तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. 7 डिसेंबर 1975 ला इंडोनेशियाचं सैन्य तिथल्या राजधानीत, दिली शहरात उतरलं, पुढे सैन्याच्याच पहाऱ्यात एक असेंब्ली भरवून 'आम्हाला सामावून घ्या' असा अर्ज लिहून घेतला, आणि जुलै 1976 मध्ये तिमोर झाला 27वा प्रांत. इंडोनेशियाच्या सरकारचा यासाठी शब्द होता 'इंटिग्रासी', म्हणजे इंग्रजीतलं इंटिग्रेशन. म्हणजे आपण नकळत त्यांचाच शब्द मराठीत छापतोय.

आणि शब्दाने काय फरक पडतो असं कोणी म्हणेल तर या केसमध्ये पडला, खूप पडला. युनोने हे सामिलीकरण कधीच मान्य केलं नाही. सुरक्षा परिषदेने सैन्य मागे घ्या म्हणून सांगितलं, ते इंडोनेशियाने ऐकलं नाही, ऑस्ट्रेलियाने तर मान्यता देऊन टाकली आणि 1989 मध्ये तिमोरच्या समुद्रातल्या तेलासाठी करारही केला. पण युनोच्या कागदावर तिमोरचा कारभारी देश पोर्तुगालच राहिला, त्यामुळे प्रश्न जिवंत राहिला, आणि त्याच जोरावर 5 मे 1999 ला पोर्तुगाल आणि इंडोनेशियाने न्यूयॉर्कमध्ये सार्वमताच्या करारावर सह्या केल्या. सगळ्यांनी तेव्हाच 'विलीनीकरण झालं' म्हणून फाइल बंद केली असती तर पोर्तुगाल कुठल्या नात्याने बोलायला बसला असता?

'वेगळा झाला' हेही वाचवत नाही हो. 30 ऑगस्ट 1999 ला लोक पहाटेपासून रांगा लावून उभे राहिले, 78.5 टक्के लोकांनी इंडोनेशियात राहायला नकार दिला, आणि निकाल लागल्यावर सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी (त्यांनाही 'इंटिग्रासी'वालेच म्हणायचे) दिली शहर जाळलं, हजाराहून जास्त माणसं मारली, लाखो लोकांना घरं सोडावी लागली. सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय फौज उतरली तेव्हा कुठे इंडोनेशियाचं सैन्य निघालं. मग अडीच वर्षांहून जास्त युनोचा कारभार आणि 20 मे 2002 ला स्वातंत्र्य. 1975 ते 1999 या 24 वर्षांत उपासमार आणि आजारपण धरून किमान 1 लाखावर माणसं गेली असं तिथल्या सत्यशोधन आयोगाने म्हटलंय. आणि 1991 ला दिलीच्या सांता क्रूझ स्मशानभूमीत तर निदर्शनं करणाऱ्या पोरांवर गोळ्या झाडल्या होत्या.

त्यामुळे विनंती एवढीच की 'इंडोनेशियाने तिमोर बळकावलं' असं लिहा, नाहीतर 'बळजबरीने जोडून घेतलं' म्हणा, दोन्ही वाचकाला लगेच कळतं. युक्रेनच्या बातम्यांमध्येही रशियाने घेतलेल्या क्रिमियाचं 'विलीनीकरण' असं छापून येतं, तेही एकदा तपासून पाहावं.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली