नाना, ती चोच होती

नाना, समोर बोलायला गेले तर तुम्ही "जाऊ दे माय" म्हणून विषय बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

यावलकडच्या आमच्या शेतातलं कपाशीचं ते पान आठवतं ना? तपकिरी डाग, आत गोल गोल वळी. मी सुईने खरवडून स्लाइड केली, स्पोरमध्ये, म्हणजे बुरशीच्या बीजाणूत, उभे-आडवे पडदे दिसले आणि जर्नलमध्ये सरळ अल्टरनेरिया अल्टरनाटा हे बुरशीचं नाव लिहून मोकळी झाले. तुम्ही लॅबमध्ये बाजूला काचा पुसत होतात, येऊन डोळा लावलात अन् म्हणालात, "घाई नको करू माय, देठ कोणता अन् चोच कोणती ते आधी सांग."

मी त्या लांब शेपटीलाच देठ धरून बसले होते, म्हणजे अख्खा स्पोर उलटा वाचत होते! तुम्ही मायक्रोस्कोपचा डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची झडप, थोडा बंद केलात, फाईन फोकस हळूहळू फिरवलात आणि मग दिसलं, जाड बाजूला बुडाशी छोटासा वण, स्पोर दांडीवरून सुटतो ती जागा, आणि दुसऱ्या टोकाला निमुळती, फिकट, अंगापेक्षाही लांब चोच. अल्टरनाटाची चोच आखूड आणि स्पोर साखळीत, तिच्याच कुळातल्या अल्टरनेरिया मॅक्रोस्पोराचे एकेकटे. पण सुई लागली की साखळ्या तुटतातच, मग कळणार कसं? म्हणून डागावर सेलोटेप हलकेच टेकवून तो कॉटन ब्लू या निळ्या रंगाच्या थेंबावर ठेवायला शिकवलंत.

मग मोजमाप. स्टेज मायक्रोमीटरवर, म्हणजे मोजपट्टी कोरलेल्या काचेवर, १ मिलिमीटरचे १०० भाग, एक भाग १० मायक्रॉनचा, त्यावरून आयपीसची, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगातली, पट्टी जुळवायची, लेन्स बदलली की परत जुळवायची. ३० स्पोर मोजायला लावलेत, मधे लाईट गेली तर आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीत नेऊन ठेवलात, आणि माझी एसटी चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत सोडायला आलात.

साकार्डोची पद्धत, म्हणजे स्पोरचा रंग, आकार, पडदे बघून बुरशी कोणत्या गटातली ते ठरवायचं, मी परीक्षेसाठी पाठ केली होती, डोळ्यांना कळली ती तुमच्या बाकावर. बारीक स्पोरवाल्या अल्टरनेरियात डीएनए बघितल्याशिवाय खात्रीने नाव लावता येत नाही हे खरंय, पण पप्पा शेतातून पान घेऊन येतात तेव्हा मी आधी चोचच शोधते.

नाना, मनापासून थँक्यू. नेलपेंटने सील केलेली एक स्लाइड तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, डाव्या कडेला बघा, एक स्पोर अजून दांडीवरच आहे.