पावसाआधी पुस्तकांचं कपाट आवरताना

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

कपाट रिकामं करून निम्मी पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यायचं म्हणताय, तर काय ठेवावं आणि काय द्यावं, याबद्दल माझं मत लिहिते. जाडी आणि बांधणी बघून निवडू नका. तीन जातींच्या पुस्तकांना तीन वेगळ्या कसोट्या लागतात.

बागायतीच्या पुस्तकाचं आधी साल बघा. पुनर्मुद्रणाचं नव्हे, सुधारित आवृत्तीचं. नुसत्या पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो. हापूसवरच्या पुस्तकात तुडतुड्यांसाठी एन्डोसल्फान हे कीटकनाशक सांगितलं असेल तर ते २०११ च्या आधीचं समजा. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. कल्टारचं, म्हणजे मोहोरासाठी मुळाशी घालायच्या औषधाचं, पानही तपासा. मात्रा झाडाच्या वयावर दिली असेल तर ते पान कामाचं नाही. झाडाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास मोजून सरासरी काढायची, आणि दर मीटरला ३ मिली. म्हणजे ८ मीटरच्या कलमाला २४ मिली, तेही १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. वयावर मोजलं की पसरलेल्या झाडाला कमी पडतं आणि खुरटलेल्याला जास्त होतं. बाबा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ताजी दैनंदिनी तेवढी ठेवा. जुनी लागवडीची पुस्तकं खड्डे, अंतर, कलम बांधणं यासाठी चालतील, पण फवारणीच्या पानावर पेन्सिलीने काट मारूनच वाचनालयाला द्या. नाहीतर कुणीतरी तेच औषध शोधत दुकानात जाईल.

इतिहासाचं उलट आहे. तिथे जुनं म्हणून टाकू नका, पण छापलंय म्हणून खरंही मानू नका. स्थानिक इतिहासाचं पुस्तक जोखायची माझी सोपी युक्ती म्हणजे तारखा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे पुष्कळ हौशी लेखक विसरतात. पानिपत शके १६८२ च्या पौषातलं. ७८ मिळवले तर १७६० येतं, खरं साल १७६१. जुन्या कागदांतल्या अरबी सनाचंही तसंच: जून ते डिसेंबर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे ६००. पुस्तकात पौष-माघातल्या दोन तारखा अशा पडताळून बघा. त्या चुकल्या तर बाकीच्या सालांवरही विसंबू नये. कुलवृत्तांतांचं, म्हणजे घराण्यांच्या इतिहासांचं, म्हणाल तर सनदा-दस्तऐवज छापलेल्या पिढ्या खऱ्या धरा. त्यामागे मूळ पुरुषापर्यंतचा मजकूर गोष्ट म्हणून वाचावा, गोडच असतो.

गॅझेटियर, म्हणजे सरकारने छापलेले जिल्ह्यांच्या माहितीचे खंड, अजिबात देऊ नका. फक्त शोधताना जुनी नावं लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, म्हणून मालवण-वेंगुर्ला १९६२ च्या रत्नागिरी खंडात सापडेल, अलिबाग-पेण ‘कुलाबा’ (आताचा रायगड) खाली. बंदरं आणि व्यापार यांसाठी रत्नागिरीचा १८८० चा खंड अजून उपयोगी आहे. माणसांच्या जातीपातींचं वर्णन मात्र साहेबाच्या नजरेतून आलंय, ते जपून घ्यावं.

वरसईच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, ती १८५७ च्या बंडातली प्रवासकथा, दोनदा असेल तर एक प्रत जास्तीची म्हणून देऊ नका, आधी संपादकाचं नाव बघा. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापताना मजकुरावर हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. दोन्ही असतील तर दोन्ही ठेवा. एकच ठेवायचं तर पोतदारांचं.

कादंबऱ्यांबद्दल आई, तुझ्याशी माझं भांडण कायमचं आहे. तुला ‘गारंबीचा बापू’ प्यारा, मला ‘तुंबाडचे खोत’, दोन्ही श्री. ना. पेंडशांच्याच. ‘खोत’चे दोन जाड खंड आहेत आणि पिढ्या चार, त्यामुळे शंभरेक पानांतच कोण कुणाचा कोण हे विसरायला होतं. पहिल्या पानापासून एका चिठ्ठीवर वंशावळ काढत जा. खंड मांडीवर पेलत नाही, पोथीच्या व्यासपीठावर ठेवून वाच, मानही दुखणार नाही. पेंडशांचं काही देऊ नका. नुसता खाडी-माडांचा देखावा रंगवलेल्या कादंबऱ्या मात्र खुशाल द्या. त्यांतल्या माणसांना पोटापाण्याचं काही कामच नसतं.

ठेवाल ती कपाटात दाबून भरू नका, बोटभर जागा मोकळी सोडा. कपाट पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतली ओल आतच राहून बुरशी येते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतात आणि पाठीचा डिंक तडकतो. अर्धवट उघडून उभं ठेवा आणि पंखा लावा. गुळगुळीत कागदाचं असेल तर वाळायच्या आधीच दर पानाआड कोरा कागद घाला, नाहीतर पानं कायमची चिकटतात.

द्यायच्या पुस्तकांची यादी फोनवर वाचून दाखवा, मगच गठ्ठा बांधा.

तुमची लेक