पालिका मुख्यालय एकदा आतून बघाच

संपादक महोदय,

सीएसएमटीला उतरून रोज समोरच्या त्या इमारतीकडे बघत बघत ऑफिसला पळायचो, पण मुंबई महापालिकेचं मुख्यालय आतून बघायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. २०२१ पासून तिथे सामान्य माणसांसाठी वीकेंडला हेरिटेज वॉक सुरू झाले तेव्हा मुलीला घेऊन गेलो, आणि खरं सांगतो, जिना चढताना वर घुमटाकडे बघून मान दुखली तरी नजर हटेना! १८८४ मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १८९३ ला काम पूर्ण झालं, मनोरा तब्बल २३५ फूट. आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे ज्यांनी समोरचं स्टेशन बांधलं तेच, पण इथे गॉथिक, म्हणजे युरोपीय धाटणीच्या टोकदार कमानींवर आपल्याकडचे घुमट बसवलेत आणि ते इतके शोभतात ना. सभागृहात तर मुलगी गप्पच झाली, इथे बसून आपल्या पाण्याचे, रस्त्यांचे निर्णय होतात हे तिला पुस्तकातून कधी कळलंच नसतं. बाहेर मुंबई पालिकेचे शिल्पकार मानले जाणारे नेते फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरही जरा थांबा. माझी मनापासून विनंती आहे, शाळांच्या सहली इथे आणाव्यात आणि मुलांना सगळं मराठीत समजावून सांगावं.

- एक वाचक, डोंबिवली