आधी विचारा, कान कधी वाहायचा का?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कानातला मळ काढण्याच्या घरगुती उपायांची एक चौकट आली होती. त्यातलं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण सोमवारी सकाळी दुकानाचं शटर पुरतं वर जायच्या आत एक गृहस्थ त्या चौकटीचा फोटो मोबाइलवर दाखवत उभे राहिले, "हायड्रोजन द्या, कानात टाकायचंय." म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायचं औषध. दुपारपर्यंत असे तिघे झाले. लालबागला औषधाच्या दुकानात मी ३१ वर्षं काउंटरवर उभा आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

तिघांनाही मी एकच विचारलं, लहानपणी कान वाहायचा का, फुटला होता का? दोघं नाही म्हणाले. तिसरा म्हणाला, "आठवत नाही, आईला विचारावं लागेल." त्याला म्हटलं, मग विचारून या. तो तणतणत समोरच्या दुकानात गेला, आणि तिथे त्याला बाटली मिळाली असणारच. हा प्रश्न तुमच्या चौकटीत कुठेच नव्हता. खरं सांगायचं तर मीही पंचवीस वर्षं तो कुणाला विचारत नव्हतो. शिकलो तो घरच्या माणसावर प्रयोग करून.

सहा वर्षांपूर्वी ऐन श्रावणात माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, चिपळूणहून आली होती. केसांवरून न्हाली आणि उजव्या कानाला दडा बसला. मळ पाणी धरून फुगतो, त्यामुळे आदल्या दिवशीपर्यंत नीट ऐकू येणारा कान न्हाऊन आल्यावर एकदम बंद होतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाणपणा केला. दुकानातून पेरॉक्साइड आणलं, तिला खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं आणि ड्रॉपरने चार थेंब सोडले. आतून चुरचुर आवाज यायला लागला, कानाच्या तोंडाशी पांढरा फेस आला. आता मळ सुटणार म्हणून मी कापूस घेऊन वाट बघत बसलो. एवढ्यात अक्का म्हणाली, "बाळ्या, घशाशी कसलं रे कडू लागतंय?"

माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. कानात टाकलेलं घशात उतरतं म्हणजे मधला पडदा शाबूत नाही. पण मी तिला पाणी दिलं! मिनिटाभरात तिने खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. खोली फिरतेय म्हणाली, उलटी झाली आणि मग कान असा ठणकायला लागला की रात्रभर चाळीतलं कुणी झोपलं नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीखाली बारीक नळीने मळ ओढून काढला. मागे पडद्याला भोक होतं, जुनं. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी कान वाहायचा?" अक्का म्हणाली, "वाहायचा की, दर पावसाळ्यात. आई लसणीचं तेल घालायची." मी तिथेच उभा होतो. शाळेत असताना तिच्या कानात कायम कापसाचा बोळा असायचा, आणि त्यावरून तिला चिडवणाऱ्यांत मीच पुढे होतो. मला ठाऊक होतं, फक्त आठवलं नाही.

पेरॉक्साइडबद्दल आणखी एक. परदेशी व्हिडिओंमध्ये ३ टक्क्यांचं सांगतात. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर बहुधा ६ टक्के, किंवा त्याच अर्थाने २० व्हॉल्यूम असं छापलेलं असतं, म्हणजे बरोबर दुप्पट. ते जखमेसाठी, गुळण्यांसाठीसुद्धा पाणी घालून वापरायचं असतं. तसंच कानात ओतलं तर धड पडदा असलेल्या माणसाच्याही कानातली कातडी चुरचुरते. तुमच्या चौकटीत नुसतं 'पेरॉक्साइडचे काही थेंब' असं लिहिलं होतं. कुठल्या पेरॉक्साइडचे?

मुळात मळ ही घाण नव्हे. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच. पडद्याजवळ तो बनतच नाही. तो किंचित आम्ल असतो, धूळ आणि जंतू अडवतो. आतली कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेला हळूहळू सरकत असते, स्टेशनवरचा सरकता जिनाच म्हणा, आणि मळ त्यावर उभा राहून आपोआप बाहेर येतो. चावताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. आपण काडी घालतो म्हणजे वर येणाऱ्या माणसाला जिन्यावरून खाली ढकलतो. पडद्याजवळ सापडलेला मळ बहुतेक वेळा आपणच तिथे नेऊन ठोकलेला असतो.

आणि काड्या तरी किती प्रकारच्या! टॅक्सीवाले गाडीची किल्ली घालतात. बायका बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढतात आणि उघडून तिच्या गोल बाजूने कान कोरतात, तेही धावत्या लोकलमध्ये. डब्याला एक गचका बसला की संपलं. पूर्वी फुटपाथवर लाल टोपीवाला कान साफ करणारा बसायचा, टोपीत सळी खोचलेली. माझ्याही कानातून त्याने एकदा चण्याएवढा खडा काढून दाखवला होता. तो माझ्या कानातला होता की त्याच्या मुठीतला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कापसाच्या काड्या मीही विकतो, नाकारत नाही. डबीवर कानाच्या नळीत घालू नका असं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. मराठीत ठळक छापायला काय हरकत आहे?

तेलाचं तेवढं सरसकट वाईट नाही. कान कधी वाहिलेला नाही, दुखत नाही, खाजत नाही, अशा मोठ्या माणसाने अंगाइतकं कोमट खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल दोन-तीन थेंब टाकून पाच-दहा मिनिटं कुशीवर पडून राहावं, तीन ते पाच दिवस. मळ मऊ होतो, बरेचदा आपला आपण निघतो. मध्येच दडा वाढला तर घाबरू नये, फुगलेल्या मळाने तसं होतं. सोडा-ग्लिसरिनसारखे मळ मऊ करणारे तयार थेंब मिळतात, तेही चालतात, पण फार्मासिस्टला विचारून. मात्र फोडणीच्या पळीत लसूण तडतडवून ते तेल कानात सोडायचं, हे बंद करा. एक तर ते किती गरम आहे याचा अंदाज येत नाही आणि कान भाजतो. दुसरं, जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ओलीच असते. ओला, खाजरा कान आणि त्यात तेल, म्हणजे बुरशीला पंगत वाढून दिल्यासारखं. पावसाळ्यात कानात काळे ठिपके आणि भिजलेल्या कागदासारखा लगदा घेऊन येणारे बरेच असतात, आणि त्यातले निम्मे घरून तेल घालूनच आलेले. तान्ह्या बाळाच्या कानात मालिशवाल्या बाई तेल घालतात, तेही थांबवा. त्यावरून आमच्याच घरात भांडण झालंय, सून जिंकली.

घरी पिचकारी मारू नये. पाणी गार किंवा फार गरम असलं तर नुसत्या तेवढ्यानेच चक्कर येते, मधुमेह असणाऱ्यांना तर नंतर चिघळण्याची भीती जास्त. कानात पेटवून ठेवायच्या मेणबत्त्या आता ऑनलाइन मिळतात. त्याने मळ ओढला जातो म्हणतात. जळून झाल्यावर नळीत जी पिवळी पूड दिसते ती मेणबत्तीचीच, कानाबाहेर पेटवली तरी तशीच दिसते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण खात्याने, २०१० मध्येच या मेणबत्त्यांविरुद्ध इशारा दिला होता. गरम मेण पडद्यावर सांडल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कान वाहत असेल, रक्त येत असेल, ठणकत असेल, पूर्वी ऑपरेशन झालं असेल, तर घरी काहीच टाकू नका. आणि एक फार महत्त्वाचं. एका रात्रीत एका कानाने ऐकू येणं बंद झालं, तर मळ असेल म्हणून थेंब टाकत आठवडा घालवू नका. ती कानाच्या नसेची बाब असू शकते, आणि तिथे औषध पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावं लागतं. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. रांग लागते हे मान्य. पण मळ काढायला मोठा खर्च येतो, हा समज तरी जावा.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराची चौकट करून 'कान कधी फुटला किंवा वाहिला असेल तर यातलं काहीही करू नका' एवढं एक वाक्य छापावं. खुलासा म्हणून आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात नको. लोक ज्या चौकटीचा फोटो काढून आणतात, तिच्यातच ते दिसलं पाहिजे.

अक्का बरी आहे. उजव्या कानाने थोडं कमी ऐकते, पण ते आधीपासूनच असावं असं डॉक्टर म्हणाले. न्हाताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात बसवते. मी घरी काही औषध घेऊन आलो की आधी चष्मा लावून लेबल वाचते, मग मला विचारते, "बाळ्या, कुणाला विचारलंस का?"

आपला,
एक औषधविक्रेता, लालबाग, मुंबई