आख्यायिकेमागे झाकले गेलेले लेखन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेचा इतिहास घडवणाऱ्या लेखनाविषयी मराठीत काही छापून आले की त्यात हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या गुलामगिरीविरोधी कादंबरीचा उल्लेख असतो आणि त्याला जोडून एक प्रसंग हमखास येतो. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६२च्या अखेरीस अध्यक्ष लिंकन त्यांना भेटले, तेव्हा एवढे मोठे युद्ध पेटवणारे पुस्तक लिहिणारी लहानखुरी बाई ती हीच का, असे ते म्हणाले, अशी ती गोष्ट. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवताना मीही ती अनेक वर्षे वर्गात सांगितली आणि त्याबद्दल आज मला मनापासून खेद वाटतो. भेट झाली हे खरे आहे; पण ते वाक्य त्या वेळच्या नोंदींत आढळत नाही. ते छापले गेले सुमारे तीन दशकांनी, लिंकन यांच्या मृत्यूला बराच काळ लोटल्यावर.

प्रश्न एका वाक्याच्या खरेखोटेपणापुरता असता, तर हे पत्र लिहिले नसते. या गोष्टीमुळे वाचकाची अशी समजूत होते की, गुलामांच्या दुःखाला वाचा फोडली ती एका दयाळू गोऱ्या लेखिकेने, आणि गुलाम स्वतः मात्र मुके होते. स्टो यांची थोरवी मला मुळीच कमी करायची नाही. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याची सक्ती गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांतल्या नागरिकांवरही करणारा १८५०चा कायदा त्यांच्या मनाला झोंबला, त्यातून त्यांनी कादंबरी लिहिली आणि १८५२मध्ये ती पुस्तकरूपाने आल्यावर पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. परंतु कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, त्या १८५१च्या उन्हाळ्यातच स्टो यांनी गुलामगिरीतून पळून आलेले लेखक व वक्ते फ्रेडरिक डग्लस यांना पत्र पाठवून कापसाच्या मळ्यावरील जीवनाची माहिती मागितली होती. ज्यांनी गुलामगिरी भोगली त्यांचे लेखन स्टो यांच्या आधीच लोकांपुढे आलेले होते.

डग्लस यांचे आत्मकथन १८४५मध्ये बॉस्टनहून प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावर ते ‘स्वतः लिहिलेले’ असल्याचे मुद्दाम छापले होते आणि आज साधे वाटणारे हे शब्द त्या काळी किती मोठे होते, हे कळण्यासाठी त्यांचे बालपण पाहावे लागते. बॉल्टिमोरमध्ये मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली, तेव्हा वाचायला शिकलेला माणूस गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे सांगून मालकाने ते शिकवणे बंद पाडले. मालकाच्या या बोलण्यातूनच सुटकेची वाट कोणती ते आपल्याला कळले, असे डग्लस लिहितात. त्यानंतर त्यांनी घरातील पाव रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना देऊन त्यांच्याकडून वाचनाचे धडे घेतले. गोदीत सुतार कोणते लाकूड जहाजाच्या कोणत्या बाजूला बसवायचे हे कळावे म्हणून त्यावर एकेक अक्षर लिहीत; ती अक्षरे पाहून हा मुलगा लिहायला शिकला आणि पुढे मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत ओळींमधल्या कोऱ्या जागी त्याने तेच धडे गिरवले. १८३८मध्ये खलाशाच्या वेशात पळून ते मुक्त प्रदेशात आले आणि व्यासपीठांवरून बोलू लागले. पण त्यांचे वक्तृत्व ऐकून हा मनुष्य कधी गुलाम होता यावरच श्रोते शंका घेऊ लागले. म्हणून त्यांनी मालकांची आणि गावांची खरी नावे देऊन पुस्तक लिहिले. त्यामुळे मालकाला त्यांचा ठावठिकाणा लागून कायद्याने त्यांना पकडून नेणे शक्य झाले आणि पुस्तक निघताच त्यांना आयर्लंड व इंग्लंडला जावे लागले. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून १८४६मध्ये त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले.

या लेखनाचे सामर्थ्य गुलामांच्या मालकांनी फार आधी ओळखले होते. बॉस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर हे जन्माने स्वतंत्र असलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील वचन गोऱ्यांनी आपल्याच वर्तनाशी ताडून पाहावे, असे त्यांनी १८२९च्या आपल्या पुस्तिकेत बजावले. खलाशांमार्फत ती दक्षिणेतील बंदरांत पोहोचताच तिथल्या कायदेमंडळांची धावपळ उडाली. १८३०मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकवणे हा गुन्हा ठरवला आणि शिक्षणाने त्यांच्या मनात असंतोष व बंडाची वृत्ती निर्माण होते, हे कारण कायद्यातच लिहून ठेवले.

त्याच नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या हॅरिएट जेकब्स यांच्याविषयी मराठीत क्वचितच वाचायला मिळते. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी त्या आजीच्या घराच्या छपराखाली, जेमतेम नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच जागी तीन फूट असलेल्या पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या आणि खाली वावरणारी आपली मुले फटीतून पाहत राहिल्या. त्यांची हकिगत स्टो आपल्या दुसऱ्या एका पुस्तकात समाविष्ट करू इच्छित होत्या. जेकब्स यांनी ते मान्य केले नाही, आपले आयुष्य आपणच लिहायचे ठरवले आणि १८६१मध्ये टोपणनावाने ते प्रसिद्ध केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे पुष्कळ अभ्यासक ते गोऱ्या संपादिकेने रचलेले कल्पित मानत राहिले. १९८०च्या दशकात जीन फेगन येलिन या संशोधिकेने जुनी पत्रे आणि कागदपत्रे तपासून ते जेकब्स यांनीच लिहिले असल्याचे सिद्ध केले. लिंकन यांचे न सापडणारे वाक्य इतक्या सहज स्वीकारले गेले आणि जेकब्स यांच्या पुस्तकाला मात्र स्वतःचे नाव मिळण्यासाठी इतका काळ लागला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मराठी वाचकाचा या विषयाशी जुना संबंध आहे. अमेरिकेत गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५मध्ये झाली आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १८७३मध्ये, जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्या कार्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. ज्या भाषेत ती अर्पणपत्रिका लिहिली गेली, त्या भाषेतील वर्तमानपत्रांनी या सज्जनांत वॉकर, डग्लस आणि जेकब्स यांची गणना आवर्जून करावी, असे मला वाटते. आपल्या पत्रात यापुढे या विषयावर लेख येईल, तेव्हा लिंकन यांचे ते उद्गार आख्यायिका म्हणूनच द्यावेत आणि रविवारच्या पुरवणीत जमेल तेव्हा डग्लस यांच्या गोदीतील धड्यांचा किंवा जेकब्स यांच्या त्या छपराखालच्या वर्षांचा एखादा उतारा मराठीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा