गटात मास्तर नको, घड्याळ ठेवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'आपल्यातला कलाकार शोधा' छापाच्या शिबिरांवर लेख आला होता तो वाचला. चांगला आहे, पण एक गोष्ट खटकली. पानभर नुसते मार्गदर्शक. मार्गदर्शक निवडा, मार्गदर्शकांना दाखवा, मार्गदर्शक सांगतील. अहो, ज्या माणसाने शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरला नाही किंवा जो कवितांची वही घरच्यांपासून लपवून ठेवतो त्याला परत एक मास्तर कशाला? त्याला त्याच्यासारखीच चार घाबरलेली माणसं मिळाली तर जास्त बरं.

मी सहा वर्षं असा एक गट चालवतोय. चालवतोय म्हणजे काय, तर एक शनिवार आड खुर्च्या गोल मांडतो आणि मोबाइलवर टायमर लावतो. मी कलाकार वगैरे नाही, जन्मभर हिशेब तपासले आणि रिटायर झाल्यावर बासरी घेतली, ती अजून धड फुंकता येत नाही.

पहिल्याच वर्षी मी एक घोळ घातला. एक बाई पहिल्यांदा चित्र घेऊन आल्या होत्या, खिडकीतली रिकामी कुंडी. मी अगदी चांगल्या मनाने म्हणालो, "छान आहे, फक्त सावली जरा उलटी पडलीये." त्या हसल्या, हो हो म्हणाल्या, कागदाची गुंडाळी केली आणि परत कधी आल्याच नाहीत. सावली उलटीच होती हो, आजही तेच म्हणेन, पण त्यांनी मला विचारलं होतं का?

त्यानंतर आम्ही नियम केला की ज्याचं काम त्याने आधी सांगायचं, नुसतं ऐकून घ्या की मत द्या. दहापैकी आठ वेळा लोक 'नुसतं ऐका' म्हणतात. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७९ चा एक प्रयोग मी नव्या माणसांना सांगत असतो. कॉलेजच्या मुलींना कागदी कोलाज करायला दिलं, काहींना आधीच सांगितलं की कलाकार मंडळी तुमचं काम तपासणार आहेत, तर त्यांची कोलाजं कमी कल्पक निघाली. अपवाद ज्यांना नक्की काय करायचं ते फोड करून सांगितलं होतं त्यांचा, पण ते मग सांगकामच झालं ना.

आणि कौतुक म्हणजे पण तपासणीच, हे मला फार उशिरा कळलं. आमच्यातल्या एकाने पावसावर कविता वाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग पुढचे सहा महिने बिचारा पावसावरच लिहीत होता. आता टाळ्या बंद.

मत हवंच असेल तर लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये बसवलेली पद्धत आम्ही वापरतो, म्हणजे आधी ऐकणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं, मग ज्याचं काम आहे त्याने प्रश्न विचारायचे, मग बाकीच्यांनी विचारायचे पण प्रश्नात मत लपवायचं नाही, 'शेवट इतका लांब का केला' हा प्रश्न नाही तो टोमणा आहे, 'शेवटाकडून तुम्हाला काय हवं होतं' हा प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी मत, ते पण 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का' असं विचारून, आणि समोरचा नको म्हणाला तर विषय संपला. पहिले काही महिने हे फार नाटकी वाटतं, आमच्याकडे दोघं वैतागून गेले पण. तिसरी पायरी तर मला अजून जमत नाही, हिशेब तपासणाऱ्याचं तोंड, चूक दिसली की उघडतंच.

तुमच्या लेखात पंचवीस जणांचा गट म्हटलंय. जरा हिशेब करा. माणशी बारा मिनिटं धरली तर आठ जणांना ९६ मिनिटं लागतात, पंचवीस जणांना पाच तास. म्हणजे बोलणारे पाच आणि बघे वीस, आणि जे बघे होतात तेच खरे गटाची गरज असलेले असतात. सहा ते आठ, बस. टायमर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं, मी पण. ज्याला बोलायचं नाही त्याने 'पुढे' म्हणायचं, कारण विचारायचं नाही. खुर्च्या मांडणारा दर महिन्याला बदलायचा असं ठरलंय, पण खरं सांगायचं तर तीनदा फिरून माझ्याकडेच आलं, लोक टाळतात आणि मलाही ते थोडं आवडतं, हा दोष लिहून ठेवतो.

अजून एक, लेखात यायलाच हवं होतं. लोक रडतात. लहानपणी कोणी गाण्यावरून हसलं होतं ते चाळीस वर्षांनी बाहेर येतं. तेव्हा पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि गप्प बसायचं, उपाय सांगायचे नाहीत. पण कोणी झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं बोललं तर तिथे गट पुरा पडत नाही, त्याच दिवशी बाजूला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगायचं, जमलं तर सोबत जायचं. शिबिरांच्या जाहिरातीत 'हीलिंग' शब्द बघितला की म्हणूनच मला धडकी भरते.

पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा शिबिर पूर्ण केलेल्यांबरोबर मधेच सोडून गेलेल्या दोघा-तिघांशी पण बोला ही विनंती. त्या कुंडीवाल्या बाई मला कुठे भेटल्या तर मी तेच विचारणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक