मालवणच्या स्कूबा सहलीबाबत तक्रार

मा. व्यवस्थापक,
सहल विभाग, सांगली शाखा.

महोदय,

डिसेंबरअखेर आपल्या विश्रामबागेतल्या कार्यालयातून बुकिंग करून मी व माझी मुलगी मालवणला स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारण्यासाठी, गेलो होतो. गाडी, मुक्काम, जेवण सगळे ठीक होते. माझी तक्रार पाण्याखाली जे घडले त्याबद्दल आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांच्या आडोशाला होडी थांबली आणि खाली वाळू आहे की प्रवाळ, हे न बघताच नांगर सोडला गेला. उतरण्यापूर्वी सूचना एकच मिळाली: "खालचा दगड घट्ट धरा, म्हणजे व्हिडिओ हलत नाही." तो दगड नव्हता, प्रवाळ होते. जवळून पाहिले तेव्हा त्यावर बारीक बारीक खळगे दिसले, आणि अशा प्रत्येक खळग्यात एक जीव राहतो. चुन्याच्या सांगाड्यावर त्यांची कातडी इतकी पातळ असते की हाताच्या दाबानेही ती फाटते. असे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. आमच्या मागच्या गृहस्थांच्या पायातले पोहण्याचे फिन तळाला घासून उडालेला गाळ त्याच प्रवाळावर बसला. प्रवाळाच्या आत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या शैवालाला ऊन लागते, ते या गाळाने अडते. शिवाय मासे कॅमेऱ्यासमोर यावेत म्हणून पावाचे तुकडे सोडले, ते वेगळेच.

हा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत हे प्रवाळही आहे. आपण चांदोलीच्या जंगलाच्याही सहली काढता. तिथे कुणी फांदी मोडली तर आपला माणूस लगेच हटकतो. मग इथे तोच माणूस आमचे हात धरून प्रवाळावर का ठेवतो?

फोनवर "सगळेच तसं करतात" असे सांगून मला पुढच्या सहलीत सवलत देऊ केली. ती मला नको. नांगर वाळूतच टाकावा, पाव बंद करावा, आणि ज्यांना पाण्यात तोल सावरत नाही त्यांना आधी उथळ पाण्यात सराव द्यावा. कृष्णेत पोहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही तो लागतोच, कारण पाठीवर टाकी आली की अंगाचा तोल बदलतो.

यापैकी काय करणार ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास हेच पत्र मी वन विभागाकडे पाठवीन.

आपली,
एक ग्राहक, सांगली